साखरेची जागा

चहाचा पहिला घोट घेतला आणि वेतवाल्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"खारूताई, साखरेनं घर बदललं की काय?"

"बाबा, कालच सांगितलं ना तुम्हाला! साखर आता खालच्या फळीवर, डाव्या हाताला. वरच्या फळीवर मीठ आहे. सारखा हात उंच करायला नको, म्हणून केलंय मी."

"बरं केलंस हो," वेतवाले म्हणाले आणि तो खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. लेकीनं लगेच मीठही उचलून पार खिडकीपाशी नेऊन ठेवलं. वरच्या फळीवरची उजव्या कोपऱ्यातली साखरेची जुनी जागा रिकामी झाली.

वेतवाल्यांना दिसत नसे. लहानपणी ताप आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. पण बोटं अशी तयार होती, की भिजवलेला वेत हातात आला की खुर्चीची बैठक आपोआप विणली जायची. आसपासच्या निम्म्या घरांतली माणसं त्यांनी विणलेल्या जाळीवर टेकत होती आणि त्यांना वेतवाले म्हणूनच ओळखत होती. त्यांच्या घरात कायदा एकच होता, जिथली वस्तू तिथेच. खुर्ची ओढली की परत ढकलायची, चप्पल वाटेत सोडायची नाही. लेकीला लहानपणी जी काय बोलणी बसली, ती सगळी चपलेपायी.

तीच लेक आता कायदा मोडत सुटली होती. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. पूल कसे बांधायचे ते ती तिथं शिकणार होती. जाण्याआधी बापाची सोय लावायची म्हणून तिनं डब्यांना गाठी मारलेले दोरे बांधले. साखरेला एक गाठ, चहाला दोन, मिठाला तीन. टेबल भिंतीला लावलं. खिडकीतली आईची खुर्ची पलंगाशी आणून ठेवली. जन्मभर या घरात वावरलेल्या पोरीला हे कळायला हवं होतं. पण परदेशी जायचं ठरलं की माणसाचं शहाणपण बहुधा पहिल्यांदा बॅगेत बांधलं जातं.

वेतवाले आपल्याच घरात ठेचकाळू लागले. "आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीस की म्हाताऱ्याला," असं हसून म्हणायचे आणि नडगी चोळायचे.

एक गोष्ट मात्र लेकीला ठाऊक नव्हती. घरातली प्रत्येक जागा तिच्या आईनं ठरवलेली होती. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं नवऱ्याचा हात धरला आणि एकेका वस्तूवर नेऊन ठेवला. "ही साखर. ही माझी खुर्ची. मी कुठं गेले तरी ह्या इथंच सापडतील." लेक बोलायला लागायच्या आत ती गेली. बायकोचा चेहरा वेतवाल्यांनी कधी पाहिलाच नव्हता, तेव्हा आठवायचं तरी काय? लोकांच्या घरात गेलेल्या माणसाची तसबीर असते, त्यांच्या घरात साखरेची जागा होती. वरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्याकडे हात गेला, की तो तिनंच धरून नेल्यासारखा वाटायचा.

हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं सगळं पुन्हा होतं तसं लावलं असतं, आणि मग कदाचित तिचा पायच घरातून निघाला नसता.

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम ते दोघं खुर्ची विणता विणता करायचे. वेतवाले आवाज जाड करून साहेब व्हायचे.

"घरी कोण असतं?"

"वडील."

"काय करतात?"

"खुर्च्या विणतात."

"शिकून झाल्यावर परत येणार का?"

"हो साहेब. माझे वडील इथं आहेत."

पहिल्या दिवशी हे उत्तर देताना तिचा आवाज भरून आला होता. आठवड्याभरात ते तिच्या तोंडातून पाढ्यासारखं घडाघडा येऊ लागलं.

"जरा थांबून म्हण गं," वेतवाले वेत ओढत म्हणाले. "पाठ केल्यासारखं वाटतं."

"खरंच तसं वाटतं?"

"जरासं."

व्हिसा मिळाला. तिकीट तेवढं राहिलं होतं आणि तिथंच पोरीचं घोडं अडलं. एका शनिवारी तिनं बापासमोर बसून सांगून टाकलं. "उद्या दिवसभर मी घरात नाही असं समजा. मी बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही, नुसती बसून बघेन. तुमचं तुम्हाला जमलं तर तिकीट काढते. नाही जमलं तर विद्यापीठाला नाही म्हणून कळवते. खरं सांगतेय बाबा."

वरच्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या तावातावानं खाली आल्या. "भाऊजी, हात दाखवून अवलक्षण कशाला? सरळ म्हणा ना तिला, नको जाऊस."

"अगदी ओठांवर येतं हो वहिनी," वेतवाले हळूच म्हणाले. "रोज येतं. रोज गिळतो."

रविवार उजाडला. लेक कुठं बसली आहे ते त्यांना श्वासावरून कळत होतं. सकाळी ते आईच्या खुर्चीला अडखळले. दुपारी पाण्याचं भांडं कलंडलं आणि फरशी पुसायचं फडकं शोधता शोधता दमछाक झाली. तरी भात त्यांनी शिजवला, जेवले, ताट धुतलं. लेक एका शब्दानं बोलली नाही. तिच्या खुर्चीचा वेत मात्र सारखा कुरकुरत होता.

दुपारच्या चहाचं आधण ठेवलं आणि वेतवाल्यांच्या मनात नको ते आलं. नापास व्हायला कष्ट पडत नाहीत. चाचपडायचं, दमायचं, मुकाट्यानं बसून राहायचं. कुणी नावं ठेवणार नाही. आंधळ्याकडून अपेक्षा तरी कोण किती करतं? पोर घरात राहील. रोज संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजतील.

त्यांनी हात उचलला, वरच्या फळीकडे नेला, उजव्या कोपऱ्यात. हात चुकून गेला नव्हता, त्यांनी पाठवला होता. जागा रिकामी आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पंजा उघडा ठेवून ते तसेच उभे राहिले.

मागे वेत कुरकुरला. कपड्याची सळसळ झाली. आणि त्या रिकाम्या जागेत, त्यांच्या तळव्याखाली, डबा आला.

दोऱ्याला एकच गाठ होती. झाकण कोमट होतं, जरा ओलसर. आत्ताच कुणाच्या तरी घामेजल्या हातानं घट्ट धरलेलं.

कशाला हात लावणार नाही म्हणाली होती. लहानपणी पत्त्यांत हरली तरी कधी लबाडी न केलेली पोर. पोरीला जायचं होतं. बाप नापास होऊ नये म्हणून चोरासारखं चवड्यांवर येऊन डबा सरकवण्याइतकं जायचं होतं. आणि तोंडानं ते म्हणायची तिची हिंमत नव्हती, जशी बापाची 'राहा' म्हणायची नव्हती. दिसत नसलं तरी डोळे रडायच्या कामाला येतात. वेतवाल्यांनी तोंड आधणाच्या वाफेवर धरलं आणि साखर घातली.

"घरात कुणी नाहीच म्हणा," ते मोठ्यानं म्हणाले, "पण असलंच, तर दोन कप केलाय."

लेक हसली आणि हसता हसता मोठ्यांदा रडायला लागली.

"जमलं की हो तुम्हाला, बाबा!"

"न जमायला काय झालं? काढ तिकीट."

निघायच्या सकाळी गाडी खाली येऊन उभी राहिली, तेव्हा तिनं बापाचे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर ठेवले. गाल गरम होते.

"परत येणारच आहे मी. तुम्ही इथं आहात ना," ती म्हणाली. घाईघाईनं, तालमीतल्याच सुरात.

वेतवाल्यांनी आवाज जाड केला. "मंजूर. चला, पुढचा उमेदवार!"

जिन्यातली पावलं खाली गेली, दार लागलं, गाडी निघून गेली. थोड्या वेळानं काकू आल्या.

"भाऊजी, आता सगळं पहिल्यासारखं लावून देऊ का? निदान ती खुर्ची तरी. पाय फोडून घ्याल एखाद्या दिवशी."

"असू द्या वहिनी. तिनं लावलंय."

काकू गेल्यावर त्यांनी आधण ठेवलं. दोन गाठींचा डबा उघडून चहा घातला. मग हात वर नेला, वरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात, आणि पंजा उघडा ठेवून उभे राहिले. मागे काही वाजलं नाही. आधण उकळून उतू जायच्या बेतात आलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि खालच्या फळीवर, डावीकडे नेला.

एक गाठ लागली. झाकण गार होतं.