एवढंच ना?

थापाआजोबांच्या सलूनमध्ये दाढी व्हायची ती साबणाने कमी आणि थापांनी जास्त. एकदा म्हणे असा वारा सुटला की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीसकट उडालं, शेजारच्या गावच्या न्हाव्याने उरलेली अर्धी उरकली आणि परतीच्या वाऱ्याला लावून त्याला धाडून दिलं. गिऱ्हाइकं मान डोलवायची, कारण वस्तरा गळ्याशी असताना कोण शहाणा नाही म्हणणार?

दुकानाचा एक कायदा होता. कुणी काही सांगितलं की दुसऱ्याने ‘एवढंच ना?’ म्हणून त्यावर कडी करायची. ज्याला जमणार नाही त्याने केरसुणी घेऊन खाली पडलेले केस झाडायचे. भल्याभल्या मिशीवाल्यांनी तिथे कंबर वाकवली होती. आजोबांना टक्कर द्यायची ती एकटी त्यांची नात, तीही दुधाचे दात पडायच्या वयात.

आता नात दहावीत होती आणि मिटली होती. कारण विचारावं तर कारण नाही. शाळा बंद, खोलीचं दार बंद, ताट जसंच्या तसं परत. आईने रागावून पाहिलं, बापाने चुचकारून पाहिलं. आत्या येऊन, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, एवढं औषध देऊन गेली. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मात्र सांगितलं की तिला शिकवू नका, समजावू नका. ती बोलेल तेव्हा फक्त ऐका.

नातीचा बाप, म्हणजे आजोबांचा मुलगा, त्यांच्याकडे आला. तुमचं नि तिचं गूळपीठ आहे, म्हणाला, दुपारी तिला दुकानात पाठवतो, कदाचित तुमच्याजवळ मन मोकळं करेल. आजोबांना वाटलं, ऐकायचंच तर आहे, त्याला काय अक्कल लागते? खरं तर त्यांनी जन्मभर लोकांचं ऐकलं ते आपली कडी कुठे घुसवायची हे हेरण्यापुरतं. पण हे त्यांच्या लक्षात कधी आलं नव्हतं.

नात यायची, टॉवेलांच्या घड्या घालायची आणि रस्त्याकडे बघत बसायची. आजोबांनी पोतडीतल्या सगळ्या थापा काढल्या, पण पोरीच्या ओठाची कडही हलली नाही. एका दुपारी दुकानात कुणी नसताना ती आपणहून खुर्चीत बसली आणि म्हणाली, टोकं कापा. आजोबांनी अंगावर कापड टाकलं, केस विंचरले, कात्री चालवायला लागले.

“आजोबा,” ती आरशाला म्हणाली, “मला रोज सकाळी वाटतं, उठूच नये. आजच्यापुरतं नाही. कधीच.”

कात्री थांबली, पण जीभ? ती मेली एकाच वळणाची.

“एवढंच ना? अगं, मी एकदा असा झोपलो, की साळुंकीने माझ्या दाढीत घरटं केलं, पिल्लं उडायला शिकली, आणि त्यांच्या लग्नालाच मला उठवलं!”

तोंडातून थाप निघून गेली, मग कुठे तिचे शब्द त्यांच्या कानातून आत पोचले.

आरशातली नात हसली. पाहुण्यांसमोर हसतात तसं, ओठांपुरतं. तिने अंगावरचं कापड स्वतःच सोडलं, कोपऱ्यातली केरसुणी घेतली.

“हरले मी,” म्हणाली, आणि आपलेच केस झाडायला लागली.

मघाशी काय म्हणालीस, पुन्हा सांग, म्हणून आजोबांनी तिचा हात धरला. ती म्हणाली, काही नाही, गंमत केली.

त्या दिवसापासून नात बोलायला लागली. जेवताना मास्तरांच्या नकला करायची, मांजरांच्या भानगडी सांगायची, वर आणखी वाढ म्हणायची. आईने पदराने डोळे पुसले, आत्याने श्रेय घेतलं, आणि मुलाने दुकानात येऊन बापाला मिठी मारली. पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. सांगताना पोरीचे डोळे गोष्टीत नसायचे. समोरच्याला पटलं की नाही, हे ते चाचपत असायचे. जन्मभर बनावट माल खपवलेल्या माणसाला तो ओळखायला हातात घ्यायचीही गरज नव्हती.

आजोबांनी मुलाला खुर्चीतलं सगळं सांगितलं. मुलगा आधी पांढराफटक पडला. मग बापाच्या तोंडाकडे निरखून बघत हसला.

“बाबा, निदान हिच्या बाबतीत तरी नको.”

“शपथ घेतो रे.”

“शपथा तर तुम्ही साळुंकीच्या थापेवरही घेतल्यात.”

त्याने नातीलाच हाक मारली. तिने आजोबांच्या गळ्यात हात टाकला, म्हणाली, आजोबा ना, आता यावर मी कडी करू का? सगळे हसले. तिच्या हाताचा थंडपणा फक्त आजोबांच्या मानेला कळला.

ते समुपदेशक बाईंकडे गेले. बाई हसल्या नाहीत. लगेच घरी फोन लावला. मुलाने नम्रपणे कळवलं की पोरगी आता ठणठणीत आहे, आणि आमच्या बाबांचं फार मनावर घेऊ नका. बाईंनी फोन ठेवला. ती येईपर्यंत मी बोलावत राहीन, म्हणाल्या, तोवर तिला एकटं सोडू नका.

आजोबांनी वस्तरे-कात्र्या कुलपात घातल्या, दुकानाचं शटर ओढलं. नात उठायच्या आत ते तिच्या खोलीत स्टूल टाकून बसू लागले. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमला. नात रोज जाग आल्याबरोबर त्यांना एक गोष्ट सांगायची, एकीपेक्षा एक झकास. आजोबा हसायचे नाहीत, कडीही करायचे नाहीत.

शेवटी एका सकाळी त्यांनीच तोंड उघडलं.

“खुर्चीत तू जे बोललीस, ते मी ऐकलंय.”

“केव्हा?”

“उशिरा.”

नात त्यांच्याकडे बघत राहिली. आजोबांना वाटलं, आता बोलेल.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही खोटं किती छान बोलता.”

आणि ती भिंतीकडे वळली. आजोबांना खरं बोलायची सवय नव्हती, आणि खऱ्याला पुरावा कुठून आणायचा हेही ठाऊक नव्हतं. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं. ते तेवढंच बघत बसले.