निळा रंग दिलेला रांजण

मित्रांनो, मी पुंडलिकनगरातला एक जुना रांजण. हर्सूलच्या कुंभाराने मला तळ्याच्या गाळातून घडवले आणि यमुनाबाईंनी आपल्या बैठ्या घरासमोर, कडुलिंबाखाली, वाळूत बसवले. माझ्या अंगाला बारीक छिद्रे आहेत. त्यांतून पाणी पाझरते, वारा ते सुकवतो आणि आतले पाणी गार होते. उन्हातून आलेला माणूस पाणी पिऊन म्हणे, "माय, जीव गार झाला!" यमुनाबाई हसून माझ्याकडे बोट दाखवत. तेवढे कौतुक मला आजवर पुरले आहे.

पुढे बैठी घरे पाडून तिथे इमारत झाली. पश्चिमेचा वारा अडला. कडुलिंब वाचला, पण त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंटच्या फरशा आल्या. दिवेलागण झाली तरी फरशांची धग ओसरत नसे.

मग यमुनाबाई गेल्या. गेलेल्या माणसाच्या नावाने अक्षय्य तृतीयेला गार पाणी पाजतात. त्यांची मुलगी शैला त्यासाठी मला भरणार, हे कळल्यावर सोसायटीच्या तात्यासाहेबांनी मायेने मला निळा ऑइलपेंट दिला.

त्या दिवशी पहिला पेला शेजारच्या आशाबाईंनी घेतला.

"अगं शैला, हे तर चहाचं आधण! यमुनाकाकू असं पाजत नव्हत्या."

शैलाचा चेहरा उतरला. "आईच्या नावाचं पाणी, आणि गरम?"

"जुना झालाय तो. फेकून देऊ, गार पाण्याचं मशीन आणू," तात्यासाहेब म्हणाले. मला धस्स झाले.

शैलाने माझ्या पोटावर हात ठेवला. हात कोरडाच राहिला.

"तात्या, रंगानं याचा घाम बंद झाला."

"मी तर नटवलं व्हतं त्याला!"

शैलाने पायाखाली पाहिले. "या जमिनीलाही आपण असंच नटवलंय."

तात्यासाहेब ओशाळून हसले. "म्हंजी दोघांनाबी खरवडायचं म्हण की!"

शैलाने विटेच्या तुकड्याने माझा रंग घासून काढला. तात्यासाहेबांनी कडुलिंबाभोवतीच्या फरशा उचलवल्या आणि उघड्या मातीवर पाणी शिंपडले. इमारतीची धग अजून आहे, पण झाडाखाली उभे राहवते. माझ्या कडेला थोडा निळा रंग उरलाय. तो मी आनंदाने मिरवतो.

काही दिवसांनी माझे पोट पुन्हा ओले झाले. आशाबाईंनी पेला रिकामा केला.

"हां, हे यमुनाकाकूंचं पाणी!"

शैलाने माझ्या पोटावर हात ठेवला. तिने आपला ओला हात डोळ्यांना लावला.

मित्रांनो, घरे जरूर बांधा. फक्त झाडापाशी थोडी माती उघडी ठेवा. तिला घाम येऊ द्या. म्हणजे तुमच्या माणसांच्या नावाचे पाणी गार राहील.