पुलावरचा पाऊस

ताईने काच पुसली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि पुन्हा पुसली. टेबलावर जपानी लाकडी ठशांच्या जुन्या चित्राची छापील प्रत होती. लाकडी पूल, वाकून पळणारी पाच-सहा माणसं, आणि पाऊस. मशीनमधून कागद निघाला तेव्हा पाऊस जवळजवळ नव्हताच. आकाशही भिंतीला रंग फासावा तसं सपाट निळं. दोन दुपारी खपून ताईने बारीक कुंचल्याने एकेक सर ओढली होती, निळाई वरून खाली विरत नेली होती.

फ्रेमचं दुकान धाकट्या भावाचं. ती मागच्या खोलीत बसे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चित्रकलेचा वर्ग तिने सोडला, त्याचं कॉलेज तेवढं पुरं झालं.

तासाभरात ते चित्र फ्रेम होऊन पुढे गेलं. घरं सजवून देणाऱ्या बाई आलेल्याच होत्या.

"अहो, हा पाऊस बघा! अंगावर येतोय नुसता. कोणी केलंय?"

"मशीन, मॅडम. नवीनच घेतलंय," भाऊ म्हणाला.

"मग अशीच वीस द्या. नव्या इमारतीत प्रत्येक घरात एक लावू."

पडद्याआड ताईच्या हातातलं फडकं थांबलं.

बाई गेल्यावर भाऊ आत आला.

"ताई, वीस हवीत. महिना आहे. होतील ना?"

"मशीनने केलं म्हणालास."

"अगं, हाताने रंगवलंय म्हटलं की लोक नाक मुरडतात, सगळी एकसारखी येणार नाहीत म्हणतात. आपल्या आपल्यात काय मनाला लावून घेतेस?"

"नाही घेत."

महिनाभर तिने पुठ्ठे कापले, पट्ट्या जोडल्या, काचा बसवल्या. कुंचल्यांचा डबा उघडला नाही. वीसच्या वीस कागद मशीनमधून निघाले तसेच काचेखाली गेले. भाऊ गठ्ठे बांधत राहिला. एकदाही त्याने चित्राकडे नीट पाहिलं नाही.

माल पोचवायच्या दिवशी ती म्हणाली, "मीही येते. लावायला मदत होईल."

नव्या इमारतीतल्या नमुन्याच्या घरात पहिलं चित्र आधीच भिंतीवर होतं. बाईंनी एक गठ्ठा सोडला आणि नवं चित्र त्याच्या शेजारी धरलं. दोन पावलं मागे सरून भाऊही बघू लागला. ताई चित्रांकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग भावाच्या.

"डिट्टो!" बाई म्हणाल्या. "तसूभर फरक नाही."

भाऊ तिच्या कानाशी वाकला.

"बघितलंस? मशीन कसलं डोंबलाचं. तुझा हात आहे हा, ताई."

पिशवीतून हातोडी काढून ती बाईंकडे वळली.

"खिळा कुठे मारू?"