हिल्कानं आवळलेलं कडं

आमच्या उत्तरेकडच्या कायनू प्रांतात नवरा-बायकोनं संध्याकाळी मिळून करायच्या गोष्टी थोड्याच. सौना तापवायची, टीव्हीकडे बघायचं आणि आउलिस-हिल्कासारखं जोडपं असेल तर काडतुसं भरायची.

ऑगस्टमध्ये त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं की भट्टीत वेलदोड्याच्या पावांचा घाणा असे आणि टेबलाच्या कोपऱ्याला काडतुसांची प्रेस ठोकलेली असे. आउलिस रिकाम्या पुंगळ्यांत बंदुकीची दारू तोलून ओतायचा. हिल्का वर गोळी ठेवून प्रेसचा दांडा ओढायची. दारूचा डबा उघडा असताना भांडायचं नाही असा त्यांचा नियम होता. त्यामुळे त्यांचा ऑगस्ट फार सुखाचा जाई.

गोळी पुंगळीत किती खोल बसवायची हे हिल्कानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी ठरवलं. रायफलीच्या नळीतल्या पिळदार आट्यांना गोळीनं जेमतेम गाल लावला पाहिजे, असं तिचं मत. त्या मापावर तिनं प्रेसमधल्या साच्याच्या मानेवरचं, गोळीची खोली ठरवणारं कडं आवळलं आणि बजावलं, "माझ्या माघारी याला हात लावलास तर बघ." ते कडं पुन्हा हललं नाही. आउलिसची रायफल वडिलांपासून आलेली, मोठ्या तोंडाची, नऊ मिलिमीटरच्या वरची. शिशाची जड गोळी सुटली की पुढे मूस हरीण आडवं व्हायचं आणि मागे आउलिस हलायचा. आउलिसला किंवा हिल्काला त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

हिल्का जाऊन तीन हिवाळे झाले. तिनं भरलेली काडतुसं आउलिसनं पुरवून पुरवून वापरली. ती संपली त्याच वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, रायफल सोडा. आउलिसच्या मते डॉक्टरला प्रश्नच नीट कळला नव्हता.

त्यातच शिकारीच्या टोळीची सभा झाली. आमची प्रमुख रायली म्हणाली, "शिसं रंगात चालत नाही, पेट्रोलमध्ये चालत नाही, मग नातवाच्या खिम्यात कशाला?" कुणालाच उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे एकमत असंच होतं. यापुढे गोळी तांब्याची. मी आउलिसला समजावलं की हे त्याच्याच फायद्याचं आहे. तांब्याची गोळी हलकी, म्हणजे धक्का कमी, म्हणजे खांदा शाबूत. फायद्याची गोष्ट कुणी सांगितली की त्याचा चेहरा पडतो, तसा पडला.

खरी अडचण वेगळीच होती. त्याचा नेमबाजीचा परवाना संपत आला होता. कागदी मूसवर चार गोळ्या वर्तुळात मारल्याशिवाय जंगलात उभं राहायला जागा मिळत नाही. ज्याला जागा नाही त्याला टोळी सुपाच्या पातेल्यापाशी बसवते. पातेल्यापाशी गेलेला माणूस परत रांगेत आलेला आमच्या गावानं पाहिलेला नाही. त्याचा पुढचा मुक्काम थेट चर्चमागच्या दफनभूमीत.

आउलिसनं तांब्याची काडतुसं एकट्यानं भरली आणि आम्ही मैदानावर गेलो. भोकं कागदभर विखुरली. आमच्याकडे लग्नाला आलेले पाहुणे बसतात तशी, प्रत्येक जण दुसऱ्यापासून होता होईल तितका लांब. आउलिसनं वाऱ्याला, चष्म्याला, युरोपियन युनियनला आणि शेवटी मला दोष दिला. परीक्षक रायलीच होती. ती कागद बघून म्हणाली, "शिशाला आट्यांना चिकटून बसायला आवडतं. तांब्याला थोडी धाव लागते. गोळी जरा आत ढकल की."

"कडं हिल्कानं आवळलंय," आउलिस म्हणाला.

पुढच्या शनिवारी शेवटची परीक्षा आहे, एवढं सांगून रायली कागद गुंडाळायला लागली.

शुक्रवारी आउलिसनं मला कॉफीला बोलावलं. आमच्यात मदत अशीच मागतात. पाव दुकानातले होते. कपाशेजारी त्यानं पाना आणून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू सोडव."

"मी का? मला काय म्हणायची ती?"

"तुला म्हणायची, हा माणूस कॉफीला येतो आणि जेवून जातो."

"मग मी हात लावला तर तिला नवल नाही वाटायचं. तूच लाव. निदान रागवायला तरी येईल."

आउलिसनं कप बशीत ठेवला. मग उठला, चांगल्या खांद्याच्या हातानं पाना धरला आणि जोर लावला. कडं हलेना. "बाई गं, काय आवळलंयस," तो पुटपुटला. तिसऱ्या झटक्याला ते कुरकुरलं आणि सैल झालं.

आम्ही दोघंही जरा थांबलो. फ्रीज घरघरला. दुसरं काही झालं नाही.

मग तो तिच्या खुर्चीवर बसला आणि मी त्याच्या. मी दारू तोलायला घेतली. वजनकाट्यावर फुंकर मारतोस का, मनगट टेकव, बोलू नकोस, असं तो मला सुनवत राहिला. हीच वाक्यं मी या टेबलाशी पूर्वी ऐकली होती. तेव्हा ती आउलिसला ऐकावी लागायची. एकेक गोळी तो थोडी थोडी आत बसवत, मोजत, परत बसवत गेला. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, हिल्काची असे तशीच. हे मी त्याला सांगितलं नाही. डबा उघडा होता.

शनिवारी तीन भोकं तळहाताखाली झाकतील अशी पडली. चौथं वर्तुळाच्या रेघेवर. रायली भिंग घेऊन इतका वेळ वाकून राहिली की मला तिच्या कमरेची काळजी वाटली. शेवटी म्हणाली, "रेघेला शिवलंय. शिवलं की आत." आउलिसनं तिचा हात हातात घेऊन हलवला, खांदा दुखत असतानाही.

आम्ही तलावाकाठच्या रस्त्यानं परतलो. मी गाडी चालवत होतो आणि आउलिस आनंदात आहे असं धरून चाललो होतो.

"नाही आली," तो म्हणाला.

"कोण?"

"रागवायला."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"कदाचित," थोड्या वेळानं तो म्हणाला, "पुरेसं हलवलं नसेल. अजून एक अर्धा फेरा देऊन बघतो. येशील उद्या?"

"कॉफीला?"

"जेवूनच जा."