दारातल्या उजेडातली चिंधी

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा पाहू. लांबट, ओलसर. मध्ये चुलीवर भलामोठा हंडा, वर वाफ. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार, आणि तारेवर बोटबोटभर कापडी चिंध्या टाचलेल्या. आणलीत? आता त्या खोलीत नऊ वर्षांची एक मुलगी उभी करा. तिच्या नाकावर कायम रंगाचा एखादा थेंब असायचा, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत.

ठिपकीचे बाबा रंगारी. त्यांची शिस्त जुनी होती. कापड रंगवलं की त्याची चिंधी वाळवायची, दारातल्या उजेडात गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी धरायची, जुळली तरच माल द्यायचा. मग चिंधी आणि नमुना एकत्र टाचून तारेवर. सोबत चिठ्ठी: तारीख, आणि रंगवणाऱ्याची खूण. बाबांची खूण गोल, काकांची फुली.

तरी गेलं वर्षभर माल परत येत होता. आज बँडवाल्यांचे बावीस कोट दुसऱ्यांदा आले.

"रंगारीदादा, गडद निळा सांगितला होता मी," बँडमास्तर म्हणाले. "हे घालून वाजवायला उभे राहिलो तर लोक म्हणतील, पोपटांचा थवा आला!"

बाबा हसले नाहीत. "परवा घेऊन जा," ते म्हणाले. आणि मास्तर गेल्यावर हळूच, "आता तिसऱ्यांदा चुकलं, तर मी हंड्याला पुन्हा हात लावणार नाही."

"पाणीच खराब!" काका ओरडले. रंग फसला की रंगारी आधी पाण्याला शिव्या घालतो, ही त्या घराची रीतच. त्यापायी काकांनी वर्षभरात नळ बदलला, रंगाच्या पुडीचा दुकानदार बदलला, आजोबांचा तांब्याचा हंडा मोडीत घालून हा नवा आणला. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असं आई म्हणायची. पण रेडा कुठला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"काका, पण बिघडलंय काय?" ठिपकीने विचारलं.

"रंग बिघडलाय, आणखी काय!"

"कुठला रंग? सगळेच? आणि कधीपासून?"

"आल्या वकीलबाई! जा, नाक पूस आधी."

ठिपकीने नाक पुसलं नाही. तिने स्टूल ओढलं आणि तारेवरची एकेक चिंधी पाहायला घेतली. लाल जुळत होते. तपकिरी, काळे, सगळे जुळत होते. फक्त निळे चुकले होते. तारखेप्रमाणे लावले तेव्हा दिसलं, की ते महिन्या-महिन्याने हिरव्याकडे सरकत गेलेत. पण मध्येच तीन निळे अगदी नमुन्यासारखे. त्यांच्या मागच्या-पुढच्या चिंध्यांना होतं तेच पाणी, तीच पूड, तोच हंडा. तिने चिठ्ठ्या पाहिल्या. तिन्हींवर फुली, बाकी सगळ्या निळ्यांवर गोल. फुलीवाल्या चिंध्या बाबा तापाने पडले होते, तेव्हाच्या.

चिंध्या पुन्हा तारेवर टाचून गप्प बसावं, असं तिला फार वाटलं. पण कोट परवा द्यायचे होते.

ती हिरवट झालेली एक चिंधी आणि तिचा नमुना घेऊन बाबांकडे गेली. "बाबा, यातला निळा कुठला?"

बाबांनी दोन्ही तुकडे दारातल्या उजेडात धरले. नेहमीसारखे, मान किंचित कलती करून.

"दोन्ही," ते म्हणाले.

"दादा, चेष्टा करतोस का पोरीची?" काका हसत जवळ आले. त्यांनी तुकडे पाहिले, भावाचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू तिथंच विरलं.

कोट काकांनी रंगवले. पहिल्याच खेपेला जुळले. बँडमास्तर खूश होऊन गेले. माल परत यायचा थांबला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बराच वेळ तपासून सांगितलं, की काचबिंदू आहे, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायचा प्रयत्न करू, पण किती राहील, सांगता येत नाही. "वर्षभर आधी आला असतात, तर बरीच राखता आली असती."

वर्षभर. म्हणजे नळ बदलला तेव्हा.

घरी आल्यावर बाबा दाराकडे पाठ करून बसले. हंड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ठिपकीने तारेवरून एक चिंधी काढली आणि बाबांच्या हातात ठेवली.

"हा निळा आहे, बाबा."

बाबांनी बोटांनी चिंधीची कड चाचपली. मग सवयीनेच विचारलं, "कसला निळा?"

"गडद."

"गडद तर जांभूळही असतं. नीट बघून सांग."

ठिपकीने चिंधी परत घेतली, दारात गेली, उजेडात धरली, मान किंचित कलती केली, आणि पाहत राहिली.