दोलोत की बोलोत

आम्ही ऑफिस उघडायला यायचो तेव्हा साल्किन आपा आधीच जिन्यात बसलेली असायची. मांडीवर रुमालात बांधलेल्या नान, डोक्याला करकचून बांधलेली ओढणी. दार उघडलं की थेट सेझिमच्या टेबलापाशी.

"बघ गं पोरी, आज तरी आलंय का नाव?"

किरगिझस्तानातल्या ओश शहरात, बाजारामागे आमचं ऑफिस आहे. रशियात मजुरीला गेलेल्या माणसांचा ठावठिकाणा लागेनासा झाला की त्यांना शोधायचं, हे आमचं काम. तिकडची इस्पितळं, आसरागृहं नावं पाठवतात, ती आमच्या वेबसाइटवर चढतात, आणि घरचे लोक आपल्या माणसाचं नाव टाकून शोधतात. वेबसाइट सेझिमनं बांधलेली. फोनचं काम माझ्याकडे.

आपाचा दोलोत बांधकामावर होता. हिवाळ्यात त्याचा फोन बंद झाला तो झालाच. सेझिम नाव टाकायची आणि पडद्यावर उमटायचं, 'सापडलं नाही'. आपा मान हलवायची, पण जायची नाही. नान तोडून आम्हाला वाटायची, खिडकीशी जायची, परत यायची.

"आता बघ."

"आपा, आत्ताच पाहिलं ना!"

"तेव्हा आलं नसेल."

हळूहळू सेझिमचंही कशात मन लागेना. चहा समोर गार व्हायचा, ती पेन चावत बसायची. एके दिवशी ती ताडकन उठली.

"एझे, आपला ओ रशियन कारकून कुठून आणणार?"

एझे म्हणजे ताई, मला ती तसंच म्हणते. आधी मला कळलं नाही. किरगिझ लिपीत पोटातून आडवी रेघ असलेला एक ओ आहे, दोलोतचं निम्मं नाव त्याच अक्षराचं; पहिला ओ लागोपाठ दोनदा लिहायचा, म्हणजे सहा अक्षरांत तीन ओ. रशियन कीबोर्डवर तो नसतो. तिकडे साधा ओ टाकून मोकळे होतात. आपण वाचताना ते चालवून घेतो, संगणक घेत नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. त्यातून सेझिमनं तुलना कडक ठेवलेली. दोन नावांच्या मध्ये तीन बरोबरची चिन्हं. अक्षर न् अक्षर तेच असेल तर होय, नाहीतर नाही.

तशी ठेवायला लावली होती तालाय बाइकेंनी, आमच्या साहेबांनी. पूर्वी एकदा जवळपासच्या नावावरून भलत्याच घरी मृत्यूची बातमी गेली होती. त्या घरच्यांनी अंगणात शोकाचा तंबू उभारला, जेवणावळीसाठी घोडा कापला, बायका रडून रडून बेजार झाल्या, आणि तो माणूस फोनवर विचारतोय, "सगळे रडताय कशाला?" तालाय बाइके स्वतः माफी मागायला गेले होते.

"सैल करायची नाही," ते म्हणाले.

"बाइके, नुसत्या रेघा पुसू द्या."

"आज रेघा पुसशील, उद्या अक्षरं."

पण सेझिम ऐकते कुठली, झालं तसंच. सेझिमनं दोन्हीकडच्या रेघा पुसल्या, काही मिळेना. मग एका अक्षराची चूक चालेल असं केलं. तरी नाही. आपा तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. सेझिमनं एकाचे दोन केले, आणि पडदा भरून गेला. बोलोत, बोलोत, बोलोत. आमच्याकडे हाक मारली तर चारजण वळून बघतील असं नाव!

"घ्या," तालाय बाइके म्हणाले, "आता अर्धं किरगिझस्तान आपाचा मुलगा!"

त्या गर्दीत व्होल्गाकाठच्या एका इस्पितळाचं एक नाव होतं, 'दोलात', म्हणजे एक ओ गळालेला, दुसऱ्याचा आ झालेला. आडनाव नाही.

मी तोच फोन लावणार होते, पण आपा बसू देईना. "वरचा आधी लाव. द च्या जागी ब पडला असेल तर?"

वरचा बोलोत आसरागृहात होता. मी आईचं नाव विचारलं तर हसला. "आई? ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, एझे."

आपानं फोन ओढून घेतला. "असू दे बाळा. जेवलास का?" आणि तो काय जेवला ते सगळं ऐकून घेतलं.

मग इस्पितळ. परिचारिका म्हणाली, "परांचीवरून पडला, डोक्याला मार आहे. कागदपत्रं नाहीत. आणणाऱ्या मजुरानं नाव सांगितलं, तेच लिहिलं. बोलत नाही फारसा." तिनं फोन त्याच्या कानाला लावला.

"दोलोत, मी बोलतेय."

नुसता श्वास.

आपा बोलतच राहिली. जर्दाळू फुललेत. तुझ्या धाकटीला दात आलेत. ठिपक्याची घोडी व्यायली परवा.

पलीकडे खरखर झाली. मग जड जिभेनं कुणीतरी विचारलं, "शिंगरू... नर की मादी?"



"आवाज नीट ओळखला ना, आपा?" तालाय बाइकेंनी विचारलं.

"घोडीच्या आधी त्याला मी आठवले असते, तर मला शंका आली असती," आपा म्हणाली, आणि मग रडली.

तरीही बाइकेंनी फोटो मागवून घेतला. मुंडण केलेलं डोकं, खोल गेलेले डोळे, पण तोच. उन्हाळ्यात आपाच्या पुतण्यानं त्याला घरी आणलं. उजवा हात लुळा पडलाय, बोलताना शब्द सापडत नाहीत. ओळखीच्या माणसालाही कधीकधी रागानं हाकलतो. आपा म्हणते, चालायचंच.

आता वेबसाइटवर घरच्यांना हुबेहूब जुळलेलं नावच दिसतं. जवळपासची नावं फक्त आम्हाला दिसतात, आणि मी फोन करून खात्री केल्याशिवाय कुणाला काही कळवायचं नाही, असं ठरलंय. माझे फोन तिपटीनं वाढलेत. तरी सेझिमला चैन नाही. काल तिनं दोनाचे तीन करून पाहिले. तालाय बाइके ओरडले, तिनं पुन्हा दोन केले. आणि ते जेवायला गेल्यावर परत तीन करून, तिसऱ्या अक्षरापायी अजून कुणाचं नाव सुटलं असेल ते बघत बसली.