हललं तरच पेटणारा दिवा

काटकसरीचं वारं अंगात शिरलं की बाबा कोणाच्या बापाचं ऐकत नसत. या वेळी त्यांनी घरभर असे दिवे बसवले, की समोर कोणी हललं तरच ते पेटणार. "माणूस नाही, तर उजेड नाही," ते मिशीला पीळ देत म्हणाले.

पंचाईत झाली त्यांच्या लेकीची, ताईची. उद्या गणिताचा पेपर, आणि गणितात डोकं घातलं की ती दगडासारखी बसायची. उत्तर हाताशी आलं की नेमका अंधार. मग हात ओवाळा, उजेड करा आणि गणित पुन्हा पहिल्यापासून.

"नाचत नाचत सोडव ना," आई म्हणाली. "तेवढाच व्यायाम."

"आई, तू गप्प बस गं."

शेवटी ताईने डोकं लढवलं. टेबलफॅन लावला आणि त्याच्यापुढे बाबांचा टॉवेल लटकवला. टॉवेल फडफडत राहिला, दिवा निमूट जळत राहिला. दिवस थंडीचे होते, म्हणून आईने स्वेटर चढवला. तरी दात वाजायला लागले, तेव्हा हीटरही लावला.

तेवढ्यात बाबा कामावरून आले. ताईने वही मिटली. आता पंखा बंद, दिवा बंद आणि उद्याचा पेपर बोंबलला.

बाबांनी दिव्याकडे कौतुकाने पाहिलं. "बघ, एवढा उजेड देतो, पण वीज किती थोडी खातो बिचारा," ते म्हणाले, आणि टॉवेल घसरू नये म्हणून त्याला चिमटा लावला.